पखवाजापासून पीएच.डी.पर्यंत

पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांमुळे अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव पखवाजासाठी ओळखलं जातं. बीडकडच्या वाजवणाऱ्या मुलांना बारावीनंतर घरून एकच प्रश्न येतो : वाद्य की इंजिनिअरिंग? दोन्ही धरून प्राध्यापकीपर्यंत जाता येतं. वाट लांब आहे, एवढंच.

संशोधनाचा विषय वाद्यातच असतो. नुसत्या ताणलेल्या चामड्याला नेमका स्वर नसतो, कारण त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, आपसात जुळत नाहीत. मधोमध शाईचा लेप चढवला की तिथलं वजन वाढतं आणि पहिले काही उपस्वर मूळ स्वराच्या जवळपास दुपटी-तिपटीत येतात. म्हणून तर पखवाज षड्जाला मिळवता येतो. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२०मध्ये हेच मांडलं.

बारावीला गणित-भौतिकशास्त्र घेऊन आपण सीईटी किंवा जेईई द्यावी. शाखा इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक. त्यात ‘सिग्नल प्रोसेसिंग’, म्हणजे आवाजाचे आकडे करून त्यांवर गणित चालवणं, हा विषय कच्चा ठेवू नये.

बहुतेकांचा रियाज इथेच सुटतो, आणि खरं नुकसान तेच. पुढे ध्वनिमुद्रणातला स्वर शोधताना संगणक कधी गायकाऐवजी तानपुऱ्याचा स्वर धरतो, कधी सप्तकच चुकवतो. आलेख सुबक दिसतो. खोट कानालाच कळते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा निदान विशारदपर्यंत द्याव्यात.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी स्वतःच ध्वनिमुद्रण करावं. पंखा बंद. मोबाइलमधली आवाज आपोआप ‘सुधारणारी’ सोय बंद. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवावी. एमपीथ्रीत बारीक तपशील गळतात. षड्ज कोणता, हे वहीत लिहावं. पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक वाळू लागली की आवाज बदलतो, म्हणून ती कधी लावली तेही लिहावं. या नोंदी नसल्या तर पुढचं सगळं गणित अधांतरी राहतं.

मग एम.टेक.-पीएच.डी.च्या प्रवेशासाठी गेट परीक्षा. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने आणि आयआयटी मद्रासने बार्सिलोनातल्या एका विद्यापीठासोबत ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात राग-तालांवर काम केलं आहे. प्रवेशाआधी मार्गदर्शकाचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत. नुसतं ‘संगीताची आवड आहे’ असं पत्र कुणाला पुरत नाही.

नोकरी मात्र सहसा इलेक्ट्रिकल किंवा संगणक विभागात मिळते. हरी सहस्रबुद्धे संगणकशास्त्राचेच प्राध्यापक होते. रागसंगीताचं संगणकीय विश्लेषण त्यांनी शिकवता-शिकवता केलं. त्यांच्या घरात तर पत्नी, गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचा ख्यालच होता.