पावसाच्या वाहत्या पाण्याचा नमुना

पलूस तालुक्यात वळवाचा किंवा परतीचा जोरदार पाऊस कोसळला म्हणजे शेतांतील पाणी ओघळींतून ओढ्यात व तेथून येरळेत वा कृष्णेत उतरते. जाताना ते मातीबरोबर उसाला दिलेले खत, गोठ्यातील घाण आणि द्राक्षवेलींवरील बोर्डो मिश्रणातले तांबेही नेते. ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी जेथे पिण्यात येते, तेथे या लोंढ्याची परीक्षा अगत्याची ठरते. परंतु नमुनाच चुकीचा घेतला तर प्रयोगशाळेचा आकडा काय कामाचा? दोष एकाचा आणि ठपका दुसऱ्याच्या मळ्यावर, असे होऊन बसते.

पुष्कळदा पाऊस उघडल्यावर सवडीने एक बाटली भरली जाते. मातीच्या कणांना चिकटलेला स्फुरद बहुधा पाणी चढत असतानाच सर्वांत अधिक वाहतो. तोवर तो निघून गेलेला असतो. नायट्रेटची गोष्ट निराळी. ते पाण्यात विरघळून जमिनीत मुरते आणि पाझरातून, चरांतून मागाहून ओढ्यात येते. म्हणून पाणी चढताना, ऐन भरात आणि ओसरताना असे निदान तीन नमुने घ्यावेत.

रात्रीच्या पावसात ओढ्यावर जाणे जिवाशी खेळ होय. त्याऐवजी ओढा कोरडा असतानाच एक भक्कम खांब रोवून त्याला निरनिराळ्या उंचींवर बाटल्या बांधाव्यात. प्रत्येक बुचात दोन वाकड्या नळ्या बसवाव्यात; एकीतून पाणी आत येते, दुसरीतून हवा बाहेर जाते. पाणी त्या उंचीस पोहोचले की बाटली आपोआप भरते. युक्ती स्वस्त आहे, मात्र तिने केवळ चढते पाणी सापडते. ओसरते पाणी दिवसा, काठावर उभे राहून, लांब बांबूला बांधलेल्या बाटलीने घ्यावे. बाटलीचे तोंड प्रवाहाच्या दिशेस सामोरे असावे व तळाचा गाळ ढवळू नये.

बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी. जंतुपरीक्षेची निर्जंतुक बाटली मात्र मुळीच विसळू नये. तांब्यासाठी प्लॅस्टिकची, कीटकनाशकांसाठी तपकिरी काचेची बाटली घ्यावी. ठिकाण, तारीख, वेळ व पाण्याची उंची चिठ्ठीवर लिहून नमुने बर्फात ठेवावेत आणि जंतुपरीक्षेचा नमुना त्याच दिवशी पोहोचवावा.

तीन पृथक्करणांचा खर्च झेपत नसेल तर नमुने एकत्र करावेत, पण समभाग नव्हे. सारख्या कालावधीत प्रवाह सेकंदास 20, 60 व 40 लिटर असेल, तर अनुक्रमे 200, 600 व 400 मिलिलिटर पाणी घ्यावे. जंतुपरीक्षेचे नमुने कधीही मिसळू नयेत.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. हा दंडक विहिरीस लागू, लोंढ्यास नव्हे. लोंढ्याची तुलना गावाच्या वरच्या अंगास त्याच पावसात घेतलेल्या नमुन्याशी करावी, आणि काठच्या विहिरीची एक बाटली त्याच खेपेस धाडावी.