जुन्या धाटणीचा पोशाख

ईद जवळ आली किंवा घरात लग्न ठरले, की कपड्यांची चर्चा सुरू होते. अलीकडे पुष्कळ लोकांना अशा प्रसंगी जुन्या धाटणीचा पोशाख हवा असतो. आजोबांसारखी सदरी, दादीच्या दुपट्ट्यासारखा दुपट्टा, आईच्या लग्नातल्या साडीसारखा काठ! मोठ्या दुकानांत असे तयार कपडे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून सामान्य माणूस मागे फिरतो. कुणी कपडे भाड्याने आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत करतो.

खरे म्हणजे असा पोशाख आपल्याच गावात तयार होऊ शकतो. त्यासाठी घरातली पेटी, कापडाचे दुकान, काठ-लेसचे दुकान, रफूगर आणि शिंपी एवढे पुरतात. मात्र कापडाची थोडी ओळख हवी. ती कशी करून घ्यायची, हे या पाठात पाहू.

कापडांची ओळख

मराठवाड्यातील औरंगाबाद शहर हिमरूसाठी प्रसिद्ध आहे. या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. महंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून आपली राजधानी देवगिरीला आणली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. त्या वेळी विणकरही या भागात आले आणि त्यांनी ही कला इथे रुजवली, असे परंपरेने सांगितले जाते.

हिमरू हा शब्द फारसीतील 'हमरू' या शब्दावरून आला असे मानतात. हमरू म्हणजे सारखा दिसणारा. तो कशासारखा दिसतो? किनखाबासारखा. किनखाबात सोन्याचांदीच्या तारा विणत, म्हणून ते श्रीमंतांनाच परवडे. हिमरूत उभा धागा सुताचा आणि नक्षीचा आडवा धागा रेशमाचा असे. नक्षी सुंदर, पण किंमत कमी. म्हणजे कमी पैशांत देखणा कपडा करण्याची हौस आजची नाही, फार जुनी आहे. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे राहतात. त्यामुळे कापड ऊबदार होते; पण बांगडीत किंवा बटणात धागा अडकून नक्षी उसवू शकते. म्हणून हिमरूला नेहमी अस्तर लावावे.

दुसरे कापड मशरू. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. इस्लाममध्ये पुरुषांना शुद्ध रेशीम वापरण्याची मनाई आहे. विणकरांनी यावर युक्ती काढली. त्यांनी उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे घेतले आणि वीण अशी केली, की बाहेरून रेशीम दिसावे आणि अंगाला सूत लागावे. गुजरातमध्ये पाटण आणि कच्छमधील मांडवी येथे मशरू विणतात.

तिसरे कापड खण. महाराष्ट्रात चोळीसाठी खण पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो, पण तो विणला जातो कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे. त्याच्या दोन्ही कडांना काठ असतो आणि मध्ये बारीक नक्षी असते. तिथून जवळच इलकल हे गाव आहे. तिथल्या साडीला आपल्याकडे इरकल म्हणतात. इरकलीचे अंग आणि पदर यांचे उभे धागे वेगळे असतात. विणकर ते एकमेकांत अडकवून जोडतो. पदर बहुधा लाल, त्यावर पांढरी नक्षी. एकदा पाहिलेली इरकल सहसा विसरत नाही.

चौथे कापड पैठणी. पैठण आणि येवला ही तिची गावे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ओळखीचे शब्द

मुलांनो, शिंप्याच्या दुकानात मराठी बोलताना तुम्हाला अडचण येणार नाही. तिथले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. अस्तर, जरी, रफू, मखमल, रुमाल, खिसा हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'पायजमा' म्हणजे पायाचा जामा. 'रुमाल' म्हणजे चेहरा पुसण्याचे वस्त्र. तुम्ही ज्याला ताना-बाना म्हणता, त्याला मराठीत ताणा-बाणा म्हणतात. काही शब्द मात्र शिकून घ्या. कापडाच्या रुंदीला 'पन्हा' म्हणतात. कापडाच्या गुंडाळीला 'तागा' म्हणतात. पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचे कापड ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. किती सुंदर शब्द आहे!

आधी पेटी, मग दुकान

बाजारात जाण्यापूर्वी घरातले जुने कपडे बाहेर काढा. हे काम मोठ्या माणसांबरोबर करा. प्रत्येक कपडा उजेडासमोर धरून पाहा. कुठे विरला असेल तर तिथून उजेड दिसेल. मग घडीच्या जागी कापड दोन बोटांत धरून हलकेच ताणून पाहा. जुने रेशीम बहुधा घडीवरच फाटते.

आता कपड्यांचे तीन भाग करा. पहिला भाग धडधाकट कपड्यांचा. त्यांना कात्री लावू नका. ते आहेत तसेच वापरा. दुसरा भाग अशा कपड्यांचा, ज्यांचे अंग फाटले आहे पण काठ आणि पदर मजबूत आहेत. त्यांतून नवे काही करता येते. तिसरा भाग पार विरलेल्या कपड्यांचा. त्यांची गोधडी होते.

ही वाटणी घाईने करू नये. कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. धडधाकट पैठणी कापून तिचा कुर्ता केला, तर कुर्ता एकाच अंगाला येतो. साडी मात्र आई, मुलगी आणि नात अशा तिघींना नेसता आली असती. बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे देतानाही नीट पाहून द्यावेत. जुन्या साड्यांची खरी जरी म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार. तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. अशा साड्या विकत घेऊन जाळतात आणि चांदी काढतात. थोड्याशा चांदीसाठी विणकराचे महिनोन्‌महिन्यांचे काम राख होते.

दुकानात काय पाहावे?

दुकानदार कापड उलगडतो तेव्हा आपण वरची नक्षी पाहतो. खरी माहिती उलट्या बाजूला असते. कापड उलटून पाहा. नक्षी केवळ छापलेली असेल तर मागे ती फिकट दिसते किंवा दिसतच नाही. विणलेली असेल तर मागे धागे दिसतात. हातमागावरच्या पैठणीच्या काठापदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच असते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

कापडावरची चिन्हेही पाहावीत. शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क' आणि हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' ही चिन्हे दिली जातात.

सूत, रेशीम की कृत्रिम धागा, अशी शंका असेल तर एक जुनी कसोटी आहे. कडेचा एखादा धागा काढून तो जाळून पाहतात. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. ही कसोटी मुलांनी एकट्याने करू नये. घरातल्या मोठ्या माणसाला करायला सांगावे.

यंत्रमागाचे कापड वाईट असते असे मुळीच नाही. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी येथील यंत्रमागांवर हजारो कुटुंबे जगतात. त्यांचे सुती कापड स्वस्त आणि टिकाऊ असते. आपल्या पोशाखातले साधे भाग त्याच कापडाचे करावेत. फक्त यंत्रमागाचे कापड हातमागाच्या भावाने घेऊ नये.

जुनी बेतणी

जुन्या पोशाखाची शोभा केवळ कापडात नसते, बेतणीतही असते. कळीदार कुर्ता पाहा. पूर्वी मागाचा पन्हा लहान असे. म्हणून कारागीर कापडाचे सरळ पट्टे आणि तिरके तुकडे कापत. मधला भाग आयताकार, दोन्ही बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. या तुकड्याला चौबगला म्हणतात. त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता ताणत नाही आणि काखेत उसवत नाही. तिरक्या कळ्या उलटसुलट ठेवून कापतात, म्हणून कापडही फारसे वाया जात नाही. गरजेपोटी निघालेली ही युक्ती आजही उपयोगी आहे. दोन जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून एक कळीदार कुर्ता सहज निघतो.

शिंप्याकडे जाताना तीन गोष्टी करा. पहिली, सुती कापड एकदा भिजवून वाळवा, म्हणजे ते शिवण्यापूर्वीच आकसेल. दुसरी, अंगाला नीट बसणारा एखादा कपडा मापासाठी न्या. तिसरी, शिवणीत माया ठेवायला सांगा. तुमचे वाढीचे वय आहे. माया असली तर तोच कुर्ता पुढच्या वर्षीही घालता येईल. आणि ईदच्या आठ दिवस आधी शिंप्याकडे धावू नका. महिनाभर आधी कापड दिले तर तो मन लावून शिवतो.

फाटलेले कापड टाकण्यापूर्वी रफूगराला दाखवा. चांगला रफूगर त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि भोकाच्या जागी पुन्हा ताणा-बाणा विणतो. नंतर भोक कुठे होते ते शोधावे लागते.

पोशाख कसा जुळवावा?

समजा, घरात मोठ्या बहिणीचे लग्न आहे. लहान भावासाठी पांढऱ्या सुती कापडाचा कुर्ता-पायजमा शिवावा. मोठ्या माणसाच्या कुर्त्याला ३६ इंच पन्ह्याचे सुमारे अडीच मीटर कापड लागते. मुलाला त्याहून कमी. त्यावर हिमरूची सदरी. सदरीच्या पुढच्या दोन भागांनाच हिमरू लावावे आणि पाठ अस्तराच्या कापडाची करावी. थोड्या हिमरूत काम भागते आणि खर्चही निम्म्यावर येतो.

धाकट्या बहिणीसाठी एकरंगी सुती सलवार-कमीज घ्यावी. दादीच्या विरलेल्या साडीचा काठ सोडवून तो मलमलीच्या दुपट्ट्याला लावावा. आधी हाताने धावदोरा घालून पाहावा. काठ सपाट बसला तरच पक्की शिवण घालावी. आईची सुती साडी साधी असली, तरी तिच्याबरोबर खणाचा ब्लाउज घातला की साडीचे रूप पालटते.

यात एक नियम लक्षात ठेवा. एका पोशाखात नक्षीची एकच वस्तू असावी, बाकीचे सारे साधे असावे. हिमरूची सदरी, खणाचा कुर्ता आणि जरीचा रुमाल असे सगळे एकदम घातले, तर एकाचीही शोभा दिसत नाही. रंग जुळवताना दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. दिव्याखाली जांभळा आणि तपकिरी रंगही फसवतात.

जपणूक

जुने सुती कपडे थंड पाण्यात रिठ्याने धुवावेत, पिळू नयेत आणि उलटे करून सावलीत वाळवावेत. जरीच्या कपड्यावर थेट अत्तर लावू नये. जरी काळी पडते. रेशीम आणि जरीचे कपडे धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावेत. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नये. दोन-तीन महिन्यांनी कपडे बाहेर काढून घडी बदलावी, म्हणजे ते एकाच रेषेवर फाटत नाहीत.

कापडाबरोबर जाणारे ज्ञान

हातमागावर हिमरू विणणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. कापडाला गिऱ्हाईक नसेल तर विणकराचा मुलगा मागावर बसत नाही. भारतात २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. १९०५ मध्ये याच दिवशी स्वदेशी चळवळ सुरू झाली होती. पण एका दिवसाच्या समारंभाने माग चालत नाही. सदरीपुरते हिमरू घेतले, रफूगराला काम दिले, गल्लीतल्या शिंप्याकडून कुर्ता शिवला, की त्या त्या घरात पैसे पोहोचतात आणि ते हात कामाला राहतात.

आणखी एक काम तुम्ही मुलेच करू शकता. जुना कपडा हातात आला, की घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हा कोणाचा? कोठून घेतला? कोणत्या वर्षी? याला काय म्हणतात? उत्तरे वहीच्या कागदावर लिहून तो कागद कपड्याच्या घडीत ठेवा. दादी-नानींना ही नावे तोंडपाठ असतात. त्या सांगतात तोवरच ती लिहून घेता येतील.