मुंबईचा शेरीफ, दिल्लीचा कोतवाल

नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात एक स्मृतिस्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला, त्याची ही खूण. पाच दिवसांनी लेक शाह आलम बादशहापुढे उभा राहिला आणि महादजींनी राखलेली दिल्ली कंपनीच्या हाती गेली. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा पराभव अजून सलतो. पण त्या लढाईमुळे दिल्लीच्या कारभाराचा एक मार्गही ठरून गेला. कंपनीने हे शहर तलवारीने घेतले, आणि गादीवर बादशहा तसाच ठेवला. इंग्लंडच्या राजाची सनद आणि त्या सनदेतून निघणारे न्यायालय दिल्लीला मिळाले नाही. त्यामुळे इथे जुना कोतवाल कायम राहिला, शेरीफ कधी आलाच नाही. मुंबईत मात्र तोवर शेरीफपदाला पाऊणशे वर्षे होत आली होती.

हे पद मूळचे इंग्लंडच्या परगण्यांतले, नॉर्मन स्वारीच्याही आधीचे. परगण्यात राजाचा वसूल गोळा करणे, गुन्हेगार धरणे, न्यायसभा भरवणे, सैन्य जमवणे ही सगळी कामे एकाच माणसाकडे होती. एवढी सत्ता एका हाती आली की जुलूम होणारच. ११७० मध्ये दुसऱ्या हेन्रीने शेरीफांची चौकशी लावली आणि बहुतेकांना घरी बसवले. १२१५ च्या मॅग्ना कार्टात तर शेरीफाने राजाच्या अखत्यारीतले खटले चालवू नयेत असे कलमच आहे. ट्यूडर काळात सैन्याचे काम लॉर्ड लेफ्टनंटकडे गेले, पुढे न्याय, तुरुंग, पोलीसही सुटले. पहिल्या चार्ल्सने १६३० च्या दशकात आरमारासाठी जहाजपट्टी बसवली, तेव्हा तिच्या वसुलीचे ओझे शेरीफांवरच पडले आणि त्यांची लोकांकडून आणि दरबाराकडून दुहेरी कोंडी झाली. १ एप्रिल १९७४ पासून परगण्यांतल्या शेरीफांना 'हाय शेरीफ' म्हणतात. मुदत एक वर्ष, पगार नाही, पोशाख काळ्या मखमलीचा. नेमणुकीची पद्धत मात्र अजून जुनीच आहे: चर्मपत्रावरच्या यादीत राजा सुईसारख्या हत्याराने नावापुढे टोचा मारतो. इंग्लंडात आज शेरीफपदाचा मानच काय तो उरला आहे. मुंबईत मानाबरोबर कामही टिकले, म्हणून मुंबईचा शेरीफ मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या जॉर्जच्या १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही ठिकाणी मेयरचे न्यायालय स्थापन झाले. मुंबईत ते १७२८ पासून चालू लागले. न्यायाधीशाने हुकूम द्यावा आणि शेरीफाने तो बजावावा, अशी वाटणी होती. समन्स पोचवणे, जप्ती करणे, कैदी ताब्यात ठेवणे, पुढे ज्यूरीची माणसे बोलावणे, ही सगळी त्याची कामे. मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय आले, त्यानंतर सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ मध्ये हायकोर्ट. न्यायालये बदलत गेली तरी शेरीफ राहिला.

या कामात किती जड गोष्टी येत, हे कलकत्त्याच्या एका प्रसंगावरून कळते. खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून महाराजा नंदकुमार यांना ५ ऑगस्ट १७७५ रोजी फाशी दिली गेली. ती शिक्षा अमलात आणण्याची जबाबदारी शेरीफ अलेक्झांडर मॅक्राबी याच्यावर होती. तो आदल्या संध्याकाळी नंदकुमारांना तुरुंगात भेटला आणि दुसऱ्या दिवशी वधस्थानी हजर राहिला. त्यांच्या धीरोदात्त वागण्याचे त्याने लिहून ठेवलेले वर्णन आजही इतिहासकार वापरतात. ज्या खटल्याला पुढे अनेकांनी न्यायाचा खून म्हटले, त्याचा एवढा माणुसकीचा साक्षीदार खुद्द शिक्षा अमलात आणणारा अधिकारी असावा, याने मी प्रत्येक वेळी थबकतो.

शेरीफाचा हात कुठवर पोचतो, हा प्रश्न मुंबई इलाख्यातही पेटला. १८२८ मध्ये पुण्याच्या पांडुरंग रामचंद्र या पेशव्यांच्या नातलगाकडे असलेला नातू मोरो रघुनाथ याला हजर करावे, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो पुण्यात बजावू दिला नाही. न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ मध्ये न्यायालयच बंद ठेवले. शेवटी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. पुण्याला, नागपूरला शेरीफ का नाही, याचे उत्तर इथेच आहे. हे पद सनदेच्या शहरापुरतेच होते.

मुंबईकरांनी या पदाला आणखी एक काम दिले. शहरातल्या प्रतिष्ठितांनी सह्या करून मागणी करायची आणि शेरीफाने टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलवायची, असा रिवाज पडला. कोणाचा सत्कार असो वा शोकसभा, शेरीफाने बोलावली की ती शहराची सभा ठरे. १८६९ आणि १८७१ असे दोनदा हे पद डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे होते. गोव्यातल्या मांद्र्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर शिलालेखांचे संशोधक होते आणि भायखळ्याच्या संग्रहालयासाठी झटणारेही. ते संग्रहालय १९७५ पासून त्यांचेच नाव धारण करते. शेरीफ कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मात्र शेरीफाने बोलावलेली सभा शेरीफाच्या मुठीत राहते असे नाही, हे डिसेंबर १९१८ मध्ये दिसले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होत होते आणि त्यांना मानपत्र देण्यासाठी टाउन हॉलमध्ये शहराच्या नावाने सभा बोलावली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये, युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याचा विषय काढताच विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले होते आणि टिळक सभागृह सोडून निघून गेले होते. ती जखम ताजी होती. बॅ. जिना, 'बाँबे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन आणि होमरूलवाल्या तरुणांनी सकाळपासूनच सभागृहातल्या जागा धरल्या. अध्यक्षस्थानी सर जमशेटजी जीजीभॉय होते. गोंधळ इतका झाला की पोलिसांनी सभागृह रिकामे केले आणि बाहेर जमलेल्या लोकांपुढे जिना बोलले. पुढे लोकांनी रुपया-रुपया वर्गणी काढून जिना हॉल बांधला. सभा बोलावणारा सरकारने नेमलेला होता, पण शहराच्या नावाने बोलावणे गेल्यावर शहराला नकार देण्याचाही हक्क मिळाला. या पदाची खरी किंमत मला तिथे दिसते.

स्वातंत्र्यानंतर राज्यपालांकडून नेमणूक, एक वर्षाची मुदत आणि महापौरांच्या लगोलग खालचे स्थान अशी व्यवस्था राहिली. विजय मर्चंट, १९८० मध्ये दिलीपकुमार, १९९४ मध्ये सुनील गावसकर अशी नावे या यादीत आहेत. लोकांना ही नावे आठवतात, पण त्यांच्या मागे शेरीफ कार्यालय जे काम करत राहिले ते फारसे कोणाला ठाऊक नसते. जहाजावरचा दावा मुंबई हायकोर्टात आला आणि जहाज अटकेत घेण्याचा हुकूम निघाला की तो बजावतात शेरीफ. वॉरंट जहाजावर लावले जाते, बंदराला आणि कस्टमला कळवले जाते, आणि जहाजाला नांगर उचलता येत नाही. मालकाने तारण दिले तर सुटका, नाहीतर मूल्यांकन होऊन लिलाव. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या सागरी कायद्यात जहाजावरच्या सागरी हक्कांमध्ये खलाशांच्या थकलेल्या पगाराला पहिले स्थान आहे. परक्या बंदरात महिनोन् महिने अडकलेल्या खलाशाच्या दृष्टीने शेरीफाने बजावलेला हुकूम ही घरी जाण्याची आशा असते. याला निव्वळ शोभेचे पद म्हणणे मला पटत नाही.

दिल्लीकडे वळायचे तर, इथला कोतवाल सत्ताधीशाचा माणूस होता. दिल्ली पोलीस आपल्या इतिहासात १२३७ पर्यंत मागे जाऊन पहिल्या कोतवालाचे नाव सांगतात. चांदनी चौकातली कोतवाली शीशगंज गुरुद्वाऱ्याला लागून होती. १८५७ च्या वेळी मोतीलाल नेहरूंचे वडील गंगाधर नेहरू कोतवाल होते. उठाव मोडल्यावर कुटुंब आग्र्याला गेले, आणि कोतवालपदही त्याबरोबर संपले. दिल्ली हायकोर्ट झाले ते ३१ ऑक्टोबर १९६६ रोजी, तेही शेरीफाविना. खालच्या न्यायालयांचे हुकूम इथे नाझर आणि बेलिफ बजावतात. लोकांच्या अर्जावरून शहराच्या नावाने सभा बोलवणारा, तरीही कोणत्याच पक्षाचा नसलेला माणूस दिल्लीच्या रचनेत कुठेच बसत नाही. जंतरमंतरवर सभा होतात, पण त्यांची परवानगी पोलीस देतात.

मद्रासचे शेरीफपद १९९८ मध्ये बंद झाले. मेरी क्लबवाला जाधव या समाजसेविकेने १९५६ मध्ये ते भूषवले होते, हे आठवले की त्या निर्णयाची हळहळ वाटते. कलकत्त्याने मात्र २०१९ मध्ये लेखक शंकर यांना शेरीफ केले. महाराष्ट्र सरकारला विनंती एवढीच, की मुंबईचे हे पद बंद होऊ देऊ नये आणि एक दिवसही रिकामे ठेवू नये. भाऊ दाजींच्या तोडीचे अभ्यासक, डॉक्टर, कामगारांत काम करणारे लोक मुंबईत आजही आहेत, त्यांतूनच शेरीफ निवडावा. आणि नागरिकांच्या अर्जावरून शहराची सभा बोलावण्याचा जुना रिवाज त्याने वर्षातून एकदा तरी पाळावा.