प्री-रजिस्ट्रेशनच्या जाहिरातीला पैसे घालावेत का?

समजा, चाकण एमआयडीसीत कामाला येणाऱ्या मुलांना कॉट बेसिसवर जागा शोधून देणारं अ‍ॅप तुम्ही तयार करताय. ते यायला अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात कुणीतरी सुचवतं, आत्तापासूनच प्री-रजिस्ट्रेशनची जाहिरात लावा, पहिल्याच दिवशी डाउनलोडचा पाऊस पडेल. खिशात हात घालण्याआधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू.

अ‍ॅप येण्याआधीच प्ले स्टोअरवर त्याचं पान उघडता येतं. तिथे इन्स्टॉलऐवजी प्री-रजिस्टरचं बटण असतं. ते दाबायला पैसे पडत नाहीत. अ‍ॅप आलं की नोंदणी केलेल्याच्या फोनवर सूचना जाते. त्याने आधीच परवानगी दिली असेल, तर काही फोनवर अ‍ॅप आपोआप उतरतंही. गूगल अ‍ॅड्समध्ये या टप्प्यासाठी खास मोहीम आहे, ती फक्त अँड्रॉइडसाठी. एका नोंदणीमागे सरासरी किती मोजणार हे तुम्ही सांगायचं आणि जाहिरात कुठे दाखवायची हे गूगलने ठरवायचं. म्हणजे पैसे जातात ते बटण दाबण्याचे. अ‍ॅप वापरणारा माणूस त्यात अजून आलेलाच नसतो.

आपल्या पट्ट्याला नोंदणी नवी नाही. आकुर्डीच्या जुन्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. विजेवरच्या चेतकची नोंदणी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा २,००० रुपये भरावे लागत. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनने ३० जुलै २०२२ ला अर्ध्या तासाच्या आत एक लाख बुकिंगं घेतली, तीही प्रत्येकी २१,००० रुपये भरून. ही रक्कम परत मिळणारी असली, तरी ती भरणारा घरी विचारून, हिशोब करून भरतो. प्री-रजिस्टरचं बटण दाबणारा रील बघता बघता दाबतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. दोन्हींना नोंदणीच म्हणतात, पण एकीच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

आता लाँचचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सूचना सकाळी अकराला गेली. पहिल्या पाळीचा मुलगा लाइनवर आहे आणि त्याचा फोन लॉकरमध्ये. रात्रपाळीचा खोलीवर झोपलाय. संध्याकाळी दोघं फोन हातात घेतात, तोवर त्या सूचनेवर व्हॉट्सअ‍ॅपचे पन्नास मेसेज येऊन पडलेले असतात. शिवाय कंपनीचं जॉइनिंगचं पत्र आलं की मुलगा लातूरहून किंवा बुलढाण्याहून बॅग घेऊन निघतो. त्याला खोली लागते ती त्याच आठवड्यात. दोन महिने आधी तो शोधतच नसतो, आणि दोन महिन्यांपूर्वी ज्याने नोंदणी केली त्याला एव्हाना कुठेतरी जागा मिळालेली असते.

हिशोब मांडून बघू. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एका नोंदणीला १२ रुपये पडले, तर हजार नोंदण्यांना १२,००० लागतील. त्यातल्या ३०० जणांनी अ‍ॅप घेतलं, तर इन्स्टॉल ४० रुपयांना पडला. आठवड्यानंतरही पाचातला एक टिकला, तर ६० माणसं उरली, प्रत्येकी २०० रुपयांना. तेच १२,००० लाँचनंतर थेट इन्स्टॉलच्या जाहिरातीला लावले आणि दर २५ रुपये बसला, तर ४८० इन्स्टॉल मिळतात. त्याच प्रमाणात ९६ जण टिकतात, प्रत्येकी १२५ रुपयांना. यातून एक सोपी परीक्षा निघते. नोंदणीच्या दराला इन्स्टॉलच्या दराने भागा. इथे उत्तर ४८ टक्के येतं. नोंदणी केलेल्यांपैकी इतके लोक खरोखर इन्स्टॉल करणार नसतील, तर लाँचपर्यंत थांबलेलं बरं. थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. लाँचनंतर घरमालकाला फोन लावणारे कोण हे गूगलला कळवता येतं आणि जाहिरात तशाच लोकांकडे वळवता येते. नोंदणीच्या टप्प्यावर असं काही कळवण्याजोगं नसतंच.

मग हा खर्च कुणाला परवडतो? मला वाटतं, ज्यांना एकाच वेळी गर्दी लागते त्यांना. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा बॅटल रॉयल खेळ पाहा. प्ले स्टोअरवर त्याची पूर्वनोंदणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि खेळ आला १६ ऑक्टोबर २०२४ ला. मधल्या काळात नोंदण्या कोटीच्या पुढे गेल्या. अशा खेळात सामना भरायलाच एका वेळी पुष्कळ खेळाडू हवेत. पहिल्या दिवशी मैदान रिकामं दिसलं, तर आलेलाही परत जातो. तिथे तारखेला माणसं जमवण्यालाच किंमत आहे. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाला मे २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी ७६ लाख नोंदण्या मिळाल्या, पण पबजी बंद झाल्यापासून ते लोक वाटच बघत होते. तशी वाट कुणी बघत नसेल, तर ती जाहिरातीने विकत घेणं महाग पडतं.

तरी करून बघायचंच असेल, तर थोडक्यात करा. जाहिरात लातूरला लावा, नांदेडला लावू नका, आणि लाँचनंतर महिन्याने दोन्हीकडची टिकलेली माणसं मोजा. जाहिरात नसतानाही काही नोंदण्या येतातच, त्या नांदेडच्या आकड्यात दिसतील. बाकीचे पैसे निघोजे, महाळुंगे, खराबवाडीत फिरून खोल्यांची यादी भरण्यात घाला. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, कंपनीची बस कुठल्या चौकात थांबते, हे सगळं त्या यादीत आधी असायला हवं.