माझा रूममेट, वामन मोरे

‘वीकेंडला अलिबागला येतेस?’ ऑफिसात कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, ‘वामनचं बघून सांगते.’ नव्या टीममध्ये दोन महिने सगळ्यांची समजूत होती, की वामन माझा बॉयफ्रेंड आहे आणि भलताच पझेसिव्ह आहे. आडनाव मोरे आहे म्हटल्यावर एकीने विचारलंच, ‘कुठले गं मोरे? साताऱ्याचे?’

नाही हो, समुद्रातले! वामन हा मोरे ईल आहे. जात ‘स्नोफ्लेक’. पांढुरकं अंग, त्यावर काळी नक्षी आणि मध्ये मध्ये पिवळे ठिपके. माझ्या ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये, जिथे लोक टीव्ही लावतात, तिथे चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये तो राहतो. बाजारात मिळणारी वाम ही त्याची लांबची नातेवाईक, म्हणून नाव वामन. आईची पहिली प्रतिक्रिया होती, ‘अगं, वामचं कालवण करतात. पाळतात कसली?’

नाव ठेवताना मी एक गोष्ट विसरले. वामन वाढतो! आणला तेव्हा जेमतेम दीड वीत होता, आता तीन वर्षांत दोन फुटांचा झालाय. ही जात मीटरभरापर्यंत वाढू शकते. (तरी नशीब. त्याचा चुलतभाऊ ‘जायंट मोरे’ तीन मीटरपर्यंत जातो.)

आ वासलाय, पण रागावलेला नाही

घरी येणारा प्रत्येक जण आधी दचकतो, कारण वामनचं तोंड सतत उघड-मीट करत असतं. तो धमकी देत नसतो, श्वास घेत असतो. तोंडातून पाणी आत, कल्ल्यांवरून बाहेर. त्याचे दातही बोथट असतात, खेकडे-कोळंबी फोडायला बनलेले. नजर मात्र यथातथाच, सगळा कारभार वासावर. कोळंबी सोललेला हात पाण्यात घातलात तर बोट कुठलं आणि कोळंबी कुठली, हे त्याला कळणार नाही. म्हणून आमच्याकडे जेवण चिमट्याने वाढतात.

आणि घशात दुसरा जबडा आहे, बॉस! बरेचसे मासे भक्ष्य पाण्यासकट आत ओढतात. मोरे ईलला ते नीट जमत नाही. त्याचा घशातला जबडा पुढे येतो, घास पकडतो आणि आत खेचतो. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिलं. २०२१ मध्ये मेहतांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. स्नोफ्लेक मोरे पाण्याबाहेर, कोरड्यावरही घास पकडून गिळू शकतो. हे वाचून मी ‘वॉव’ म्हटलं होतं. त्याचा दुसरा अर्थ नंतर कळला.

ती रात्र

जुलै २०२५. मी ऑन-कॉल होते. वामनला वाढता वाढता लॅपटॉप किंचाळला, सर्व्हर पडला होता. मी झाकण लावलं, पण एक क्लिप राहिली. रात्री तीन वाजता कॉल संपवून पाणी प्यायला उठले, तर टँक रिकामा!

चपलांच्या रॅकमागे सापडला. अंगभर धूळ आणि केस चिकटलेले. मोरे ईलला खवले नसतात, बुळबुळीत थराचं एक आवरण तेवढं असतं. त्यानेच त्याला बहुधा तगवलं. ओल्या टॉवेलमध्ये उचलून पाण्यात सोडला, तेव्हा तोंड हलत होतं. मी फरशीवर बसून रडले.

त्यानंतर त्याने अन्न सोडलं. हे मासे काही आठवडे न खाता राहू शकतात हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज चिमटा तसाच परत आणणं वेगळं. रोज रात्री आईचा फोन यायचा, ‘जेवला का गं वामन?’ तीच आई, कालवणवाली! तेविसाव्या दिवशी त्याने कोळंबी ओढली.

तुम्हालाही हवाय?

मग ऐका. किमान दोनशे लिटरचा टँक. मासा आणण्याआधी चार ते सहा आठवडे टँक नुसता चालवायचा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. अमोनिया शून्य, तापमान पंचवीसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात चिलर आलाच. पाणी आरओचं, त्यात समुद्री मीठ मोजून. तांब्याचं औषध चुकूनही नको. खरं प्रवाळ आणू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. सिरॅमिकचे खडक आणि पीव्हीसी पाइप वामनला चालतात. आणि झाकण, झाकण, झाकण!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षं. हा प्राणी नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. कंटाळलात तर त्याला गिरगाव चौपाटीवर सोडता येत नाही. एकतर तो मरेल, नाहीतर टँकमधला रोग समुद्रात नेईल. आणि दुकानातला मोरे ईल बहुतेक वेळा समुद्रातूनच पकडलेला असतो. वामनही तसाच आला. मला हवा होता, म्हणून. हे मी आणल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

गुडगाव की वामन?

यंदा गुडगावची ऑफर आली. हाइक मस्त होती. पण तिथे नवा टँक तयार व्हायला दीड महिना लागणार, आणि तोवर वामनला सांभाळणार कोण? मी जॉइनिंग दोन महिने पुढे ढकलायला सांगितलं. कारणही खरं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग नकार आला.

मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस. असेन. त्या संध्याकाळी वामनने नेहमीसारखी कोळंबी खाल्ली आणि माझ्याकडे पाठ करून पाइपमध्ये शिरला. थँक्यू वगैरे काही नाही.

झाकणाच्या चारही क्लिपा मी दोनदा तपासल्या आणि झोपायला गेले.