हिस्टोप्लाझ्मा : एक चुकीचे नाव व त्यामागील कारण

१९०५ साली पनामातील अँकॉन रुग्णालयात एका मजुराच्या शवविच्छेदनात सॅम्युएल डार्लिंग यांना पेशींच्या आत सूक्ष्म, अंडाकृती पिंड आढळले. काळ्या आजाराच्या जंतूंशी त्यांचे साम्य पाहून डार्लिंग यांनी त्यांची गणना आदिजीवांत केली, व भोवतीचे रंगहीन वलय हे कवच समजून ‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलाटम’ असे नामकरण केले. वस्तुतः हा आदिजीव नव्हे, आणि त्यास कवचही नाही. नाव मात्र टिकले. ते कवक आहे हे १९३४ साली डी मॉन्ब्रन यांनी संवर्धनाने सिद्ध केले.

या भ्रमाचे मूळ कवकाच्या द्विरूपत्वात आहे. पक्षी व वटवाघळे यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत ते तंतुरूपाने वाढते. श्वासावाटे फुप्फुसात गेलेल्या बीजाणूंना ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत किण्वाचे रूप येते. भक्षकपेशी त्यांना गिळतात, पण लगेच मारू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आश्रयाने ते यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा गाठतात. निरोगी शरीरात काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती हा प्रसार बहुधा रोखते. एच.आय.व्ही.ने ती क्षीण झाली असेल तर तो चालूच राहतो, आणि क्षय समजून उपचार होत गेल्यास रोगी दगावतो. काळ्या आजाराच्या जंतूतील कायनेटोप्लास्ट येथे नसतो, आणि रौप्यरंजनाने कवकाची भित्ती काळी दिसते. पाहणाऱ्याला शंका आली तरच या खुणांचा उपयोग.