खोकल्याचे औषध आणि नियमावरचा विश्वास
उत्तेजक द्रव्यांविषयी अव्वल खेळाडूची भूमिका केवळ नीतिमत्तेवर नव्हे, तर नियम न्याय्य वाटतो की नाही, यावरही घडते. मुंबईकर क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या फेब्रुवारी 2019 मधील नमुन्यात खोकल्याच्या औषधांत सर्रास आढळणारे टर्ब्युटालिन हे प्रतिबंधित द्रव्य सापडले; ते अनवधानाने घेतल्याचे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरीही 8 महिन्यांची बंदी आली, कारण ‘कठोर दायित्व’ या तत्त्वानुसार शरीरात सापडलेल्या द्रव्याला, ते कसेही आलेले असो, खेळाडूच जबाबदार असतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय क्रिकेटपटू ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कक्षेत आले. रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर उतरणाऱ्या नवोदितालाही हेच तत्त्व लागू आहे. ते त्याला औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी समजते की बंदीच्या पत्रातून, यावर नियमावरचा त्याचा विश्वास फार अवलंबून असतो.